रुग्णवाहिका येईपर्यंत

आज आपण चालतं-बोलतं माणूस अचानक कोसळतं, त्याचं हृदय बंद पडतं, त्याबद्दल बोलणार आहोत. विषय जड वाटेल, पण रेडिओ बंद करू नका. भाकरी थापत ऐका, डाळ निवडत ऐका. फक्त शेवटची दोन मिनिटं हात मोकळे ठेवा. तेव्हा एक गोष्ट आपल्याला हातांनी करून बघायची आहे.

श्रेयस तळपदे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ‘माझी तुझी रेशीमगाठ’ ही त्यांची मालिका घराघरात पाहिली गेली. १४ डिसेंबर २०२३ ला मुंबईत दिवसभराचं शूटिंग आटोपल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. तेव्हा त्यांचं वय होतं ४७. पत्नी दीप्ती त्यांना गाडीत घालून दवाखान्याकडे निघाल्या आणि गाडीतच त्यांची शुद्ध हरपली. पुढे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं, की गाडी रहदारीत अडकली होती, दीप्तींच्या बाजूचं दार उघडता येईना, म्हणून त्या नवऱ्याच्या अंगावरून पलीकडे गेल्या आणि बाहेर पडून मदतीला माणसं बोलावली. लोकांनी धावपळ करून त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी छाती दाबली, विजेचा झटका दिला, बंद पडलेलं हृदय परत चालू झालं. मग तपासलं तर हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद आणि दुसरी ९९ टक्के बंद निघाली. अँजिओप्लास्टी झाली. आज ते पुन्हा काम करत आहेत.

ही बातमी ऐकून आपण म्हणतो, नशीब बलवत्तर. नशीब होतंच, पण त्यात तीन गोष्टी होत्या. लगेच हालचाल करणारी बाई जवळ होती, छाती दाबणारे हात मिळाले आणि झटका देणारं यंत्र मिळालं. तळपदे यांच्या बाबतीत हात आणि यंत्र दवाखान्यात होते आणि दवाखाना दोन पावलांवर होता. आपल्याकडे सेनगावच्या एखाद्या तांड्यावर, औंढ्याच्या डोंगरातल्या वाडीवर किंवा कळमनुरीच्या शिवारात माणूस कोसळला तर दवाखाना दोन पावलांवर नसतो. मग त्या तीन गोष्टींपैकी आपल्या हातात काय उरतं, ते आज समजून घेऊ.

आधी एक घोटाळा दूर करू. हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घ्या. कधी पाइपात गाळ अडकतो. मोटार चालू असते, पण एका वाफ्याला पाणी पोचत नाही आणि तिथलं पीक सुकायला लागतं. हा झाला हार्ट अटॅक. रक्तवाहिनीत गुठळी अडकते, हृदयाच्या एका भागाला रक्त मिळत नाही. माणसाच्या छातीत दाटून येतं, दरदरून घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, पण माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. बायकांमध्ये पुष्कळदा छातीत दुखणं कमी आणि धाप लागणं, मळमळ, पाठ भरून येणं, अंगातलं त्राण जाणं हेच जास्त दिसतं. आपण म्हणतो, पित्त झालं असेल, आणि सोडा पिऊन पडून राहतो. असं करू नका. अशा वेळी माणूस शुद्धीवर आहे तोवरच दवाखाना गाठायचा.

दुसरा प्रकार म्हणजे मोटारच बंद पडणं. स्टार्टर पडला, फेज गेला, आता कुठल्याच वाफ्याला पाणी नाही. हृदय अचानक बंद पडणं म्हणजे हे. हृदयाला स्वतःची बारीकशी वीज असते. तिच्या तालावर ते मिनिटाला साठ ते शंभर वेळा आवळतं आणि सैल होतं. ही वीज बिघडली की हृदयाचे स्नायू एकत्र आवळायचे सोडून नुसते थरथरत राहतात. भजनात एकेक टाळकरी आपापल्या मनाने वाजवू लागला तर गोंगाट होतो, भजन होत नाही, तसं. हृदय थरथरतं पण रक्त पुढे ढकललं जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. हार्ट अटॅकमुळे असं होऊ शकतं. विजेचा शॉक, बुडणं, जन्मापासूनचा हृदयाचा दोष, हृदयाच्या झडपांचा किंवा स्नायूंचा जुना आजार अशी दुसरीही कारणं असतात. म्हणून तरुण माणसालाही हे होतं.

आता वेळेचा हिशेब बघू. रक्त थांबलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे दहा मिनिटं नुसती बघण्यात गेली तर हातात जवळपास काही उरत नाही. आणि रुग्णवाहिका? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, तिने पुष्कळांचे प्राण वाचवले आहेत. पण गाडी वीस किलोमीटरवर उभी असेल आणि चालकाने ताशी साठच्या वेगाने हाणली तरी वीस मिनिटं लागणारच. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असेल तर आणखी जास्त. यात कुणाचा दोष नाही, अंतरच तेवढं आहे. ही मधली मिनिटं कुणाची? जो जवळ उभा आहे त्याची. जगभरात अशा घटनांपैकी बहुतेक घरातच घडतात. घरात त्या वेळी जवळ कोण असतं, हे आम्ही वेगळं सांगायला नको. म्हणून हा विषय डॉक्टरांइतकाच आपलाही आहे.

माणूस कोसळला तर तीन गोष्टी बघायच्या. दोन्ही खांद्यांना धरून जोरात हलवा, नावाने हाक मारा. उत्तर नाही? छातीकडे बघा. श्वास नीट चालू आहे का? दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे आहे. नाडी शोधत बसू नका, ती घाबरलेल्या हाताला सापडत नाही.

इथे एक फसवी गोष्ट नीट लक्षात ठेवा. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनच आचका दिल्यासारखा श्वास घेतो, घशातून घरघर येते, तोंड माशासारखं उघडतं आणि मिटतं. आपण म्हणतो, धुगधुगी आहे, श्वास चालू आहे, थांबा जरा. तो श्वास खरा नसतो. हृदय थांबल्याचीच ती खूण असते. सुरुवातीला हातपाय ताठ होऊन झटकेही येतात. मग कुणी फिट आली म्हणून कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाला लावतं, कुणी तोंडात पाणी ओततं. यातलं काहीही करू नका. पाणी तर मुळीच नको, ते श्वासनलिकेत जातं.

मग लगेच फोन. १०८ लावा, तो लागला नाही तर ११२. फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. गावाचं नाव, जवळची खूण, रस्ता कुठून वळतो ते सांगा. एका पोराला फाट्यावर उभं करा, रुग्णवाहिकेला घर शोधावं लागू नये. दोघी असाल तर एकीने फोन करायचा आणि दुसरीने त्याच क्षणी छाती दाबायला लागायचं.

आता छाती कशी दाबायची ते. माणसाला बाजेवरून, गादीवरून खाली घ्या. कडक जमिनीवर उताणं झोपवा. मऊ गादीवर दाबलं तर गादीच दबते. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. छातीच्या मधोमध, दोन्ही स्तनांच्या मध्ये जे उभं हाड असतं त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवा. दुसरा हात त्यावर ठेवून बोटं गुंफा. कोपर सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर. आता नुसत्या हाताने नाही, कमरेपासून अंगाचं वजन टाकून दाबा. पाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांपेक्षा किंचित जास्त छाती खाली गेली पाहिजे. दाबून सोडलं की छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण वर येतानाच हृदयात रक्त भरतं. गती मिनिटाला शंभर ते एकशेवीस, म्हणजे घड्याळाच्या एका सेकंदाला जवळजवळ दोन. ‘एक, दोन, तीन, चार’ असं मोठ्याने मोजत राहा.

हे काम दमवणारं आहे. दोन मिनिटांत हात भरून येतात आणि दाब हलका पडू लागतो. दुसरीला शेजारी बसवून ठेवा आणि दोन-दोन मिनिटांनी बदला, मध्ये खंड पडू देऊ नका. तोंडाने श्वास द्यायचं प्रशिक्षण नसेल तर मोठ्या माणसाला नुसती छाती दाबत राहा. आपल्या देशातल्या डॉक्टरांच्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य लोकांसाठी हीच सोपी पद्धत ठरवली आहे. मात्र लहान मूल असेल किंवा कुणी पाण्यात बुडालं असेल तर श्वासही लागतो. ते प्रशिक्षण समोर बसून शिकण्यासारखं आहे. आलं नसेल तर निदान छाती दाबा, हात बांधून बसू नका.

माणूस बंद पडल्यावर आपल्याकडे पहिली आरोळी असते, गाडी काढा. चौघं उचलतात, जीपच्या मागच्या सीटवर मुडपून कोंबतात आणि गाडी सुसाट निघते. त्या वीस मिनिटांत छातीवर एकही हात पडत नाही. छातीत दुखतंय पण माणूस बोलतोय, तेव्हा गाडी काढणं बरोबर. श्वास थांबल्यावर मात्र पहिलं काम जमिनीवरच. रुग्णवाहिका येणारच नसेल आणि न्यावंच लागलं तर मोठ्या गाडीत आडवं झोपवा आणि वाटेत दाबत राहा.

आता जरा संकोचाचं बोलू. परक्या पुरुषाच्या छातीला हात कसा लावायचा, सासऱ्यांना हात कसा लावायचा, असं मनात येतं. आणि बाई कोसळली तर पुरुष मागे सरतात, कुणी तिच्या अंगाला हात लावायला धजत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्यांनी छाती दाबून मदत केली, बायकांपैकी ३९ टक्क्यांनाच. म्हणजे लाज तिथेही आडवी येते आणि तिची किंमत बाईच मोजते. यावर उपाय आपल्याच हातात आहे. गावातल्या बायका शिकलेल्या असतील तर कोसळलेली बाई कुणाच्या हाताची वाट बघत पडणार नाही. छाती दाबायला कपडे काढावे लागत नाहीत. पुढे ज्या यंत्राबद्दल सांगणार आहोत त्याच्या पट्ट्या मात्र उघड्या अंगावरच चिकटवाव्या लागतात. तेव्हा ब्लाउज उघडावा, कापावा लागला तर कापावा, मंगळसूत्र बाजूला सारावं आणि भोवतीच्या बायकांनी पाठ करून, पदर किंवा चादर धरून आडोसा करावा.

असा आडोसा जगाने टीव्हीवर पाहिला आहे. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क आणि फिनलंड यांचा फुटबॉल सामना चालू होता. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन धावता धावता कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. सोबतचे खेळाडू त्याच्याभोवती बाहेरच्या बाजूला तोंड करून उभे राहिले, कॅमेऱ्यांना आणि प्रेक्षकांना काही दिसू नये म्हणून. आत डॉक्टर छाती दाबत होते, मग यंत्राने झटका दिला. मैदानावरच तो शुद्धीवर आला. पुढे छातीत छोटं यंत्र बसवून घेऊन तो पुन्हा खेळू लागला, २०२२ चा विश्वचषकही खेळला. आपल्याकडे गराडा पडतो तो वाकून बघणाऱ्यांचा, वाराही अडतो. गराडा घालायचाच तर असा, पाठ करून घालावा.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन कारणं फार जवळची आहेत. एक मोटारीचा शॉक आणि दुसरं वीज पडणं. रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला गेलेला माणूस ओल्या हाताने स्टार्टरला हात लावतो. विजेच्या धक्क्याने हृदय थरथरू लागतं, तेच जे आपण वर सांगितलं. अशा वेळी त्याला ओढायला धावू नका, तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच किंवा फ्यूज काढून लाइट बंद करा. तुटून पडलेल्या मोठ्या लाइनच्या तर जवळही जाऊ नका, महावितरणला कळवून प्रवाह बंद करवून घ्या. प्रवाह बंद झाल्यावर श्वास बघा आणि छाती दाबायला लागा.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात मात्र वीज उरलेली नसते. त्याला लगेच हात लावता येतो. वादळ डोक्यावर असेल तर आधी सुरक्षित जागी घ्या. काही भागांत अशा माणसाला मातीत, वाळूत किंवा शेणात गळ्यापर्यंत पुरून ठेवायची पद्धत आहे, जमीन वीज ओढून घेते या समजुतीने. मैत्रिणींनो, यात फक्त वेळ जातो. आणि वीज पडलेल्यांमध्ये निपचित पडलेल्या, श्वास नसलेल्या माणसाकडे आधी जायचं, कारण लगेच छाती दाबली आणि श्वास दिला तर त्यातली काही माणसं परत येतात. कण्हणारा थोडा वेळ थांबू शकतो, त्याचं हृदय चालू आहे.

आता यंत्राबद्दल. छाती दाबल्याने मेंदूला थोडं थोडं रक्त मिळत राहतं, वेळ मिळते. पण थरथरणारं हृदय बहुधा तेवढ्याने तालावर येत नाही. त्याला विजेचा झटका लागतो. सिनेमात दाखवतात, मॉनिटरवर सरळ रेघ आली की डॉक्टर झटका देतात आणि माणूस उठून बसतो. खरं तसं नाही. पूर्ण शांत पडलेल्या हृदयावर झटक्याचा उपयोग नसतो. झटका थरथरणाऱ्या हृदयासाठी असतो. सगळे टाळकरी आपापलं वाजवत असताना कुणीतरी मोठ्याने ‘थांबा’ म्हणावं, क्षणभर सगळे थांबावेत आणि मग विणेकऱ्याने पुन्हा ताल धरावा, तसं ते यंत्र करतं. हे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर.

पूर्वी हे यंत्र दवाखान्याच्या खोलीतच असायचं. १९६५ साली बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी गाडीच्या बॅटऱ्या लावून ते रुग्णवाहिकेत बसवलं, तेव्हा त्याचं वजन सत्तर किलोच्या आसपास होतं. आज सामान्य माणसासाठी बनवलेलं यंत्र जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं असतं, दोन-तीन किलोचं. त्याला एईडी म्हणतात. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की ते स्वतः बोलायला लागतं, आता काय करायचं ते एकेक सांगतं. दोन चिकट पट्ट्या असतात, त्यांवर चित्र असतं. एक उजव्या गळ्याच्या हाडाखाली, दुसरी डाव्या कुशीवर, काखेच्या खाली. अंग घामाने किंवा पावसाने ओलं असेल तर आधी पुसून कोरडं करायचं. मग यंत्र स्वतः हृदयाचा ताल तपासतं. त्या वेळी अंगाला कुणी हात लावायचा नाही. झटक्याची गरज असेल तरच ते तसं सांगतं. गरज नसेल तर बटण दाबलं तरी ते झटका देत नाही. त्यामुळे चुकून चांगल्या माणसाला झटका बसेल ही भीती नको. झटका दिला की लगेच पुन्हा छाती दाबायला लागायचं.

हे यंत्र दवाखान्याबाहेर, लोकांच्या हाताशी ठेवलं तर काय होतं? शिकागोच्या ओहेअर आणि इतर विमानतळांवर १९९९ पासून ही यंत्रं भिंतीवर लावली. दोन वर्षांत २१ जणांचं हृदय बंद पडलं. त्यातल्या १८ जणांचं हृदय झटका देण्यासारखं थरथरत होतं आणि त्या १८ पैकी ११ जणांचं हृदय परत चालू करता आलं. मदत करणाऱ्यांत असेही प्रवासी होते, ज्यांनी हे यंत्र आधी कधी वापरलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधल्या सुरक्षारक्षकांना असंच शिकवलं, तिथे कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के जगले आणि तीन मिनिटांनंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. यंत्र तेच, माणसं तशीच, फरक फक्त मिनिटांचा. जपानने २००४ पासून सामान्य नागरिकांना हे यंत्र वापरायची मोकळीक दिली.

आता आपल्याकडे बघू. एका यंत्राला लाखाच्या आसपास खर्च येतो. मग प्रत्येक वाडीत ते हवं का? आम्ही उगाच हो म्हणणार नाही. छोट्या वाडीत वर्षानुवर्षं ते वापरायची वेळ येणार नाही, आणि कपाटात पडून बॅटरी संपलेलं यंत्र असून नसल्यासारखं. पण जिथे रोज शेकडो, हजारो माणसं येतात तिथे ते हवंच. औंढा नागनाथाला श्रावणात आणि महाशिवरात्रीला रांगा लागतात, नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला गर्दी होते, हिंगोलीचा दसरा पाहायला दुरून लोक येतात. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, हळदीच्या हंगामात वसमत आणि हिंगोलीची बाजार समिती, इथे उन्हात उभी राहिलेली, ओझी उचलणारी, वयस्क माणसं असतात. अशा जागी यंत्र ठेवलं तर ते कामाला येण्याची शक्यता जास्त.

जिथे वीज सारखी जाते अशा आरोग्य केंद्रांसाठी पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीने ‘सन्मित्र’ नावाचं यंत्र बनवलं आहे. त्याला हँडल आहे, ते हाताने फिरवलं की झटक्यापुरती वीज तयार होते. ते डॉक्टर आणि प्रशिक्षित माणसांनी वापरायचं यंत्र आहे. लाइट नाही म्हणून झटका देता आला नाही, अशी वेळ येऊ नये यासाठी आपल्याच राज्यात कुणीतरी विचार केला, हे आपल्याला माहीत असावं.

यंत्र आणणं ही अर्धी गोष्ट. ते कुलपात ठेवलं आणि किल्ली घेऊन माणूस बाजाराला गेला, तर काय उपयोग? जागा दिवसरात्र उघडी हवी, वर मोठा फलक हवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नये, बहुतेक यंत्रं पन्नास अंशांच्या आतच ठेवायची असतात. दर महिन्याला एका ठरलेल्या माणसाने दिवा हिरवा आहे का ते बघावं. पट्ट्यांची मुदत साधारण दोन वर्षांची असते, बॅटरीचीही मुदत असते, त्या तारखा फलकावर लिहाव्यात. बचत गटातली हिशेब ठेवणारी बाई हे काम सहज करू शकते.

आणि हे सगळं मागायचं कुठे? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्या राज्याचा कायदाच आहे. त्या सभेत दोन ठराव मांडा. पहिला, गावातल्या दर घरटी एका माणसाला छाती दाबायचं प्रशिक्षण मिळावं. त्याला जवळपास काही खर्च नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि १०८ च्या डॉक्टरांना बोलवा, शाळेच्या मैदानात एक दुपार काढा. दुसरा, आपल्या बाजाराच्या गावी किंवा देवस्थानात यंत्र बसवावं, अशी मागणी. क्रम हाच ठेवा. हात शिकलेले नसतील तर यंत्र पोचेपर्यंत उशीर झालेला असेल.

आता तुमच्या मनातल्या शंका. बरगडी मोडली तर? मोडू शकते, म्हाताऱ्या माणसाची तर मोडतेच कधी कधी. बरगडी जुळते. बंद पडलेलं हृदय तसंच सोडलं तर पुढे काही उरत नाही. हृदय चालूच असेल आणि आपण चुकून दाबलं तर? माणूस हात झटकेल, कण्हेल, तेव्हा थांबा. मोठा अपाय सहसा होत नाही. पोलिसांचं लचांड मागे लागेल का? जीव वाचवण्यासाठी चांगल्या हेतूने केलेल्या मदतीला आपल्या फौजदारी कायद्यात संरक्षण आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने वेगळं संरक्षण दिलं आहे. आपलं नावही सांगायची सक्ती त्याच्यावर नाही.

एक गोष्ट मात्र आडपडदा न ठेवता सांगतो. सगळं बरोबर करूनही बरीच माणसं परत येत नाहीत. ज्यांनी दाबलं त्यांना मग वाटतं, आपलंच काही चुकलं. तसं नसतं. ते माणूस आधीच गेलेलं होतं, तुम्ही त्याला परत यायची एक वाट उघडी ठेवली होती. ज्या घरात असं झालं असेल त्या घरातल्या बाईला ‘तू हे का नाही केलंस’ असं कधीही विचारू नका. आणि जे परत येतात त्यांनाही पुढे दवाखाना, तपासण्या, गोळ्या, कधी छातीत बसवायचं छोटं यंत्र लागतं. ‘वाचला ना, झालं’ म्हणून सोडू नका. कित्येकांना महिनोन्‌महिने झोप लागत नाही, विसरायला होतं, चिडचिड होते. घरच्यांनाही रात्री दचकून जाग येते. याबद्दल डॉक्टरांशी बोलायला लाजू नका.

आता हात मोकळे करा. घरातली घट्ट भरलेली उशी किंवा कपड्यांचं गाठोडं जमिनीवर ठेवा. शेजारी गुडघे टेकून बसा. तळहाताची टाच मधोमध, दुसरा हात वर, बोटं गुंफलेली, कोपर सरळ. आम्ही मोजतो, तुम्ही दाबा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा… मासिकात हे वाचणाऱ्यांनी घड्याळ समोर ठेवून मोजावं. तीस सेकंदांत पन्नास ते साठ वेळा दाब पडला पाहिजे. दंड भरून आले? बरोबर करताय. आता शाळेतून आलेल्या लेकीला बसवा, मग सासूबाईंना, मग घरातल्या पुरुषांना. संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी दाबून बघायचं, आणि १०८ हा आकडा चुलीच्या वरच्या भिंतीवर खडूने मोठा लिहून ठेवायचा.